सत्काराचा नारळ

"रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. पोट मात्र खरंच दुखतंय," असं म्हणून दौंडच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचा कागद बाजूला ठेवला. "याला फंक्शनल अ‍ॅब्डॉमिनल पेन म्हणतात."

म्हणजे पोटात बिघाड नाही, पण मनातली भीती तिथं दुखते. हे ढोंग नव्हे, एवढं मी त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. कारण तोवर शिरूरच्या दवाखान्यापासून आमच्या वडगाव रासाईतल्या शेजारणींपर्यंत सगळ्यांनी माझ्या लेकीला नाटकी ठरवलं होतं.

ईश्वरी तिसरीत. कोरोनात बंद पडलेली शाळा उघडली तेव्हा नाचत गेली. दुसऱ्या दिवसापासून दप्तर उचललं की पोट धरून खाली बसायची. रविवारी ठणठणीत. रक्त तपासलं, लघवी तपासली, जंताचं औषध झालं. दवाखान्यात नंबराची वाट बघताना ती सारखी माझाच मास्क नाकावर ओढायची. मला वाटायचं, किती शहाणी पोर.

डॉक्टरबाईंनी मला गप्प बसवून तिलाच विचारलं, "शाळेत गेलीस तर काय होईल?"

"मी मम्मीला कोरोना आणीन," ती म्हणाली. "मग मम्मी पण जाईल आन् मला परत नारळ देतील."

आमच्याकडं काहीही झालं की सत्कार होतो. दहावी पास झालात, सत्कार. ट्रॅक्टर घेतला, सत्कार. शाळा उघडली त्याच दिवशी शाळा समितीच्या अध्यक्षांनी, ज्यांच्या घरचं माणूस कोरोनानं गेलं त्या मुलांचा सत्कार ठेवला. माझे सासरे, ईश्वरीचे आबा, त्यात गेले होते. एवढ्याशा पोरीला शाल, नारळ आणि फोटो. वर माइकवर भाषण: "पोरांनो, मास्क लावा. तुम्ही भाईरनं आजार आणता आन् घरातलं म्हातारं माणूस जातं." गावच्या ग्रुपवर फोटो आला, खाली हात जोडल्याची चिन्हं पडली. फोटोतल्या पोरीचा चेहरा कुणी बघितला नाही. घरी येऊन तिनं तो नारळ धान्याच्या कोठीमागं सारला आणि कुणाला हात लावू दिला नाही.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. अहो, आबा आजारी पडले तेव्हा शाळा बंद होती. त्यांना ताप भरला तो याच अध्यक्षांच्या पुतण्याच्या लग्नाहून आल्यावर. आजार तिथूनच आला असं मी म्हणत नाही, ते कुणालाच ठाऊक नाही. पण दोष कुणाच्या पदरात टाकला, तर तिसरीतल्या लेकराच्या!

तुमच्या घरी असं लेकरू असेल तर डॉक्टरबाईंनी मला सांगितलं ते ऐका. "पोट दुखतंय का, असं सारखं विचारू नका. शाळा बुडवू देऊ नका, पण एकदम लोटूही नका. आणि आजार परत येणारच नाही असं वचन देऊ नका. आला तर आपण काय करू, ते सांगा."

मग आम्ही आधी नुसतं फाटकापर्यंत जाऊन आलो. नंतर ती मधल्या सुट्टीपर्यंत बसायला लागली. पण अध्यक्षांची गाडी दिसली की पोट दुखायचंच. शेवटी मी त्यांच्या ओट्यावर गेले.

"आप्पा, तुम्ही बोललात ते त्याच पोरांपुढं मागं घ्या."

"अगं, चांगल्यासाठीच बोललो. एवढं कोण मनाला लावून घेतं?"

"माझी पोरगी घेती. डॉक्टरांनी सांगितलंय."

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "बरं, एक कार्यक्रम ठिवू. तिच्या धाडसाचा सत्कार..."

"शाल आणलीत तर फाटकातनंच परत लावीन तुम्हाला."

आले मात्र. रिकाम्या हातानं वर्गात उभे राहिले. "हिचे आबा हिच्यामुळं गेले न्हाईत. तवा शाळाच बंद हुती. मी चुकीचं बोललो." माइक नव्हता, फोटो नव्हता. मी दारात उभी होते. आभार मानायचे तर त्या डॉक्टरबाईंचे, त्यांनी माझ्या लेकीला विचारलं म्हणून. अध्यक्षांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

त्या दिवशी ईश्वरी पहिल्यांदा शाळा सुटेपर्यंत बसली. घरी आली, दप्तर टाकलं, कोठीमागून नारळ ओढून काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

"मम्मी, फोड आता."