डबल बेल कोणी दिली?

वैशाखऱ्याहून मुरबाडला जाणारी सकाळची एसटी दिसली की पोलिसात असताना मी केलेला तो तपास आजही डोळ्यांसमोर येतो.

टोकावड्याच्या थांब्यावर एक म्हातारी मागच्या दाराने उतरत होती. एक पाय जमिनीवर, एक पायरीवर, आणि गाडी सुटली. म्हातारी आपटली, मांडीचे हाड मोडले. चालकाचा जबाब सरळ होता: डबल बेल मिळाली, गाडी काढली. बेल देण्याचे काम वाहकाचे. साहजिकच हलगर्जीपणाच्या गुन्ह्यात संशयित म्हणून त्याचे नाव आले आणि खात्याने त्याला निलंबित केले.

तो एकच सांगत होता, "साहेब, मी पुढे तिकिटं फाडत होतो. बेलच्या दोरीला हात लावला नाय."

प्रवाशांचे जबाब घेतले. सगळ्यांचे उत्तर एकच: "आमी नाय बघितला." भरलेल्या गाडीत कोणीच काही पाहत नाही, हे मला पटेना.

दोन दिवसांनी पोलीस ठाण्यात एका बाईचा फोन आला. "घंटी कंडक्टरनं नाय दिली. नाव नका विचारू, मला रोज त्याच गाडीनं जायचाय."

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत मी त्या गाडीत चढलो. बदली वाहक गर्दीत पुढे अडकला होता. थांबा आला, माणसे उतरली आणि गाडीच्या मध्यावरून डबल बेल वाजली. कोणी मान वळवली नाही. शेजारच्याला विचारले, "बेल कोणी दिली?"

तो हसला. "आमचे भाऊ. रोज तेच देतात. कंडक्टरच्या भरवशावर राह्यलो तर शिफ्ट चुकंल ना!"

भाऊंना ठाण्यात बोलावले. कारखान्यात कामाला, सज्जन माणूस. आधी नाकारले. मी विचारले, "जिथे उभे असता, तिथून दार दिसते?"

मग ते म्हणाले, "नाय. उतरली असंल असं वाटलं."

"मग इतके दिवस गप्प का?"

"नोकरी पक्की व्हायची होती, साहेब. कंडक्टर काय, सरकारी माणूस, सुटंल असं वाटलं."

दोषारोपपत्र भाऊंविरुद्ध दाखल झाले. न्यायालयाने दंड केला. नोकरी काही पक्की झाली नाही. वाहकाचे नाव गुन्ह्यातून वगळले, तो पुन्हा कामावर रुजू झाला.

दोरीला प्रवाशाने हात लावू नये, हा नियम लोकांना वाहकाचा तोरा वाटतो. दार ज्याला दिसते त्यानेच बेल द्यावी, इतकाच त्याचा अर्थ. नोकरीत मी सराईत चोर बोलते केले. पण रोजच्या सोबत्याची चूक सांगायला भली माणसे जेवढी अडखळतात, तेवढे चोरही अडखळत नाहीत.

पुढे एकदा त्याच गाडीत बसलो. तो वाहक प्रत्येक थांब्यावर गर्दीतून वाट काढत दारापर्यंत जायचा, खाली बघायचा, मगच बेल द्यायचा. मागून कोणीतरी ओरडले, "अरे, टाइम खातोस रे!"

पुढच्या थांब्यावरही तो दारापर्यंत गेला.