मिठाची जागा

माझा विषय मानसशास्त्र. माणसं स्वतःची तब्येत का सांभाळतात, का सांभाळत नाहीत, त्यात स्वभावाचा वाटा किती आणि घरातल्या माणसांचा किती, हे मी सोलापुरातल्या एका कॉलेजात शिकवते आणि त्यावर थोडंफार संशोधनही करते. म्हणजे घरोघर जाऊन विचारते, "गोळ्या वेळेवर घेता का? आठवण कोण करून देतं?" लोक चहा देतात आणि बिनधास्त थापा मारतात. मी चहाला नाही म्हणत नाही आणि थापांनाही नाही म्हणत नाही.

माझ्या स्वतःच्या घरात मात्र हे सगळं शास्त्र आडवं पडलं. अव्वा, म्हणजे माझी आई, गेली आणि अप्पा अक्कलकोटचं घर बंद करून जुळे सोलापूर भागातल्या आमच्या फ्लॅटवर राहायला आले. अप्पांना बीपीचा जुना त्रास. अव्वा असेपर्यंत तो इतका आटोक्यात होता की आम्ही त्याला विसरूनच गेलो होतो. आमच्याकडे आल्यावर काही महिन्यांतच डॉक्टरांनी दंडाला पट्टा दुसऱ्यांदा गुंडाळला, पुन्हा बघितलं, अप्पांना बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाले, "मॅडम, हे असंच राहिलं तर अर्धांगाचा झटका येऊ शकतो. गोळ्या चालू आहेत ना?" अप्पांचे थोरले भाऊ तसेच अंथरुणाला खिळून गेले होते. बोलायचं असायचं आणि तोंडातून नुसता आवाज निघायचा. तेच डोळ्यांसमोर घेऊन मी निघाले.

घरी येऊन आधी कपाट उघडलं. आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेला प्लास्टिकचा डबा मीच हौसेनं आणून दिला होता. तो जागेवर होता. लख्ख पुसलेला आणि सगळे कप्पे गच्च भरलेले.

"अप्पा, गोळ्या घेतल्याच नाहीत?"

"डबा लई चांगला हाय," अप्पा म्हणाले. "रोज पुसतो मी."

आमच्या विषयात असं मानलं जातं की टापटिपीची, शिस्तीची माणसं तब्येतीचे नियमही पाळतात. अप्पांइतका शिस्तीचा माणूस मी पाहिलेला नाही. भुसार मालाच्या दुकानात उभा जन्म गेला, आणि पोत्यांच्या थप्प्या लावायची सवय अजून हातात आहे. वाचून झालेला पेपर असा घडी घालतात की दुसऱ्या घरी नवा म्हणून देता यावा. असा माणूस गोळी तेवढी विसरतो, हे काही मला पटेना. मग मी दुसरं हत्यार काढलं. पुस्तकात त्याला कौटुंबिक आधार म्हणतात, घरात त्याला कटकट म्हणतात. मोबाइलवर गजर लावून दिला. अप्पा तो वेळेवर बंद करायचे आणि मला हाक मारून सांगायचे, "वाजला गं!" जेवणानंतर मी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायचे. अप्पा शांतपणे म्हणायचे, "जेवण झालं की आता."

ते खरंच झालेलं असायचं. शेवटचा घास खाल्ला की अप्पा ताटात पाणी ओततात, बोटांनी ताट धुतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. आमच्या लिंगायत घरांतल्या जुन्या माणसांची ही रीतच आहे. ताटात वाढलेलं अन्न म्हणजे प्रसाद, त्यातला कणही वाया जायला नको. ते पाणी पोटात गेलं की जेवण मिटलं, मग संध्याकाळपर्यंत तोंडात काही जात नाही. मी चिडचिड करायचे. एकदा पेला असा आपटला की पाणी माझ्याच साडीवर उडालं. नवरा म्हणाला, "मॅडम, ह्याला तुमच्या विषयात काय म्हणतात?" मी त्याच्याकडे बघितलं, तसा तो गुपचूप फडकं घेऊन आला.

त्याच सुमारास नव्या पाहणीचे प्रश्न तयार झाले होते. विद्यार्थ्यांच्या हाती देण्याआधी ते कुणावर तरी आजमावून बघायचे होते. रविवारी सकाळी अप्पा गॅलरीत परात घेऊन शेंगा फोडत बसले होते. म्हटलं, अप्पांनाच विचारू. अप्पा खूश झाले. मुलाखत द्यायची म्हणून आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"आपण औषधं नियमित घेता का?" मी मुद्दाम 'आपण' म्हटलं.

"न्हाय."

"पूर्वी घेत होता?"

"न्हाय. मी जन्मात कधी गोळी घेतली न्हाय."

मी पेन खाली ठेवलं. "अप्पा, असं काय करता? अव्वा असताना रोज घेत होता की! रिकामी पाकिटं मी बघितली आहेत."

"मी कुटं घ्यायचो? ती ताटात वाढायची." अप्पांनी एक शेंग फोडली. "ताटात आलं ते खायचं. त्याला काय औषध म्हणत्यात व्हय?"

"ताटात कुठे वाढायची?"

परातीच्या डाव्या अंगाला, वरती, अप्पांनी बोट टेकवलं. "हितं. मिठाच्या जागी."

आमच्याकडे ताट वाढायला घेतलं की पहिलं मीठ पडतं, डावीकडे, वर. मग लिंबू, चटणी आणि पुढचं सगळं. ती जागा रिकामी असली की ताट अर्धवट वाटतं. डॉक्टरांनी वरचं मीठ बंद केलं, तेव्हा अव्वानं तिथे गोळी वाढायला सुरुवात केली असणार. मीठही सुटलं, गोळीही पोटात गेली, आणि अप्पांना कुणी एका शब्दानं पेशंट केलं नाही. अव्वा शाळेत मुख्याध्यापिका होती. दिवसभर सूचना देऊन इतकी कंटाळून यायची की घरात कुणाला काही सांगायचं ती टाळायचीच. आणि मी इकडे काय करत होते? ताट नीट दिसावं म्हणून रोज त्याच जागी चिमूटभर मीठ वाढत होते! अप्पा तेही पुसून खात होते, कारण ते ताटात होतं. मला हसू आवरेना. हसता हसता अव्वाची अशी काही आठवण आली की डोळे भरले.

"काय झालं?" अप्पा घाबरले. "उत्तर चुकलं व्हय?"

"नाही, अप्पा. बरोबर आहे. पण अव्वा एखाद्या दिवशी विसरली तर तुम्ही मागून घ्यायचात का?"

"छे! मी जेवताना कधी काय मागितलं न्हाय."

हे मात्र अगदी खरं होतं. दुसरी भाकरीसुद्धा त्यांनी कधी तोंडानं मागितलेली मला आठवत नाही. कुणी वाढली तर खायची, नाही तर ताट धुवायला घ्यायचं.

त्या दुपारी मी मोठ्या उत्साहानं गोळी वाढली. पण हाताच्या सवयीनं मीठ आधीच पडलं होतं, म्हणून गोळी शेजारी सरकवली. आमटीचा ओघळ तिच्यापर्यंत गेला आणि ती विरघळली. अप्पांनी सगळं चाटूनपुसून खाल्लं, ताट धुऊन पाणी प्यायले आणि मग म्हणाले, "आमटी कडू झालती. तुझी जागा चुकली बघ."

दुसऱ्या दिवसापासून मिठाचा सट, ते झाकणाचं भांडं, मी वरच्या फळीवर ठेवला. गोळी तिच्या जागी वाढायला लागले आणि ती पहिल्या घासाबरोबर जायला लागली. अप्पांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही, मीही काढलं नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टर पट्टा सोडताना हसले. "छान! आता गोळ्या घेता ना, आजोबा?"

"न्हाय," अप्पा ताठ मानेनं म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सावकाश सांगते."

परवा कॉलेजात परीक्षेचं काम होतं. माझी सकाळपासून पळापळ चालली होती. अप्पांचं ताट वाढलं, त्यांच्यासमोर ठेवलं आणि डबा भरायला वळले. थोड्या वेळानं बघते तर अप्पा तसेच बसलेले. भाकरी मोडलेली नाही, आमटी निवत चाललेली.

"काय झालं, अप्पा? बरं वाटत नाही का?"

अप्पांनी ताट हळूच माझ्या बाजूला फिरवलं. डावीकडे, वर, लिंबाच्या शेजारी जागा रिकामी होती. जेवताना जन्मात काही न मागितलेला तो माणूस थोडा घुटमळला, आणि मग खाली बघत म्हणाला, "गोळी वाढ की गं."

मी गोळी वाढली. मला इतका आनंद झाला होता की डब्याचं झाकण लावायचंही सुचेना. कॉलेजला उशीर होणार हे दिसत होतं, तरी मी अप्पांचं ताट धुऊन होईपर्यंत त्यांच्या शेजारी बसून राहिले.