तिचं नसलेलं सामान

माझी रूममेट लग्न होऊन देवळ्याला गेली, तेव्हा तिचं निम्मं सामान सिडकोतल्या आमच्या खोलीतच राहिलं. लग्न घाईत ठरलं होतं. अंबडच्या कंपनीतली नोकरी सोडून, हाताला लागेल ते घेऊन ती गेली. "बाकीचं नंतर नेते गं," म्हणाली. पुढे घरमालकीणबाई मागे लागल्या, नवी मुलगी येतेय, तिची कॉट रिकामी करा. मी फोन केला, तर तो तिच्या नवऱ्याने उचलला. "रविवारी येतो," एवढंच म्हणाला.

रविवारी तिघं आली. ती, नवरा आणि सासू. एरवी दार ढकलून घरात शिरणारी ती बाहेर थांबून "येऊ का?" म्हणाली. मी मिठी मारायला पुढे झाले, तर तिने डोक्यावरचा पदर सावरला. मी जागीच थांबले.

नवरा उद्धट नव्हता. उलट फार अदबीने बोलत होता. पण एकेक वस्तू उचलून विचारायचा, "हे आपलं का?" कुकर, इस्त्री, बादली. ती हो म्हणाली की तो ती वस्तू दाराशी नेऊन ठेवायचा. मग त्याने कॉटखालून निळी सॅक ओढली. सॅकच्या पट्ट्याला तिचे धावायचे बूट बांधलेले होते.

"आणि हे?"

"ते नाही," ती म्हणाली. "ते ताईंचं आहे."

तिने मला आजवर कधी ताई म्हटलं नव्हतं. मी बावळटासारखी बोलून गेले, "अगं, ही तर तुझी..."

ती माझ्याकडे बघेना. उशीचा अभ्रा घडी करत होती, मोडत होती, पुन्हा तीच घडी. तेव्हा कुठे मला समजलं.

"तुझी काळी सॅक होती ना," मी म्हणाले. "ती तू नेलीस. ही निळी माझी."

ती रोज पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर धावायला जायची, हे तिच्या माहेरीसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. शर्यतीत मिळालेली दोन पदकं त्या सॅकमध्ये होती. बाहेरच्या कप्प्यात एक फोटो होता. हाफ पॅन्ट घातलेली, घामाने निथळणारी, खळखळून हसणारी ती आणि तिच्या आजूबाजूला बरोबर धावणारी मुलं-मुली. आदल्या दिवशी आवरताना मीच तो पाहून परत आत ठेवला होता. काढून का नाही ठेवला, असं आता वाटायला लागलं.

"तुम्ही धावता?" नवऱ्याने विचारलं.

"कधीमधी."

त्याने दाराजवळच्या माझ्या चपलांकडे पाहिलं, मग त्या बुटांकडे. "तुमच्या पायाला होतात हे?"

"तंग होतात. म्हणून तर पडून आहेत."

त्याचा अंगठा बाहेरच्या कप्प्याच्या चेनवर होता. कदाचित त्याच्या मनात काही नसेलही, नुसता चाळा असेल. पण चेन थोडी उघडली. तिचे हात घडी घालायचे थांबले.

"ठेव ना रे ते," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. आल्यापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. "परक्या पोरीच्या पिशवीत काय हात घालतोस? गादी ने आधी खाली. टेम्पोवाला खोळंबलाय."

तो ओशाळला. "सॉरी हं," म्हणून त्याने सॅक खाली ठेवली आणि गादी खांद्यावर घेऊन जिना उतरला.

आम्ही तिघी खोलीत राहिलो. सासूबाई चहाचा रिकामा कप घेऊन उठल्या. मी नको नको म्हणत त्यांच्या मागे ओट्यापाशी गेले, तरी त्यांनी तो नळाखाली धरलाच. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "ते टाकून देऊ नको, बाई. तिले लागेल कधी."

मी काही बोलायच्या आत त्या बाहेर गेल्या.

त्यानंतर मी तिला फोन केला नाही. कोण उचलेल याची भीती वाटायची. नवी मुलगी राहायला आली, सॅक माझ्या कॉटखाली आली. देवळ्याला तिला कुणी काही बोललं असेल का, चेन उघडली तेव्हा नवऱ्याने फोटो पाहिला तर नसेल ना, असं काहीबाही मनात येत राहायचं.

बऱ्याच महिन्यांनी एका दुपारी ती अचानक दारात उभी. एकटी. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे आणलं होतं. डोळ्यांत औषध घालून त्यांना बसवून ठेवलं होतं.

"आईंनीच पाठवलं," ती म्हणाली. "म्हणाल्या, मला काय, डोळे मिटून बसायचंय. तू जाऊन तुझी सॅक घेऊन ये."

"तुझी सॅक म्हणाल्या?"

"हो ना. मीही बघतच राहिले."

तिने सॅक उघडून सगळं पाहिलं. फोटो बराच वेळ हातात धरला, पुन्हा कप्प्यात घातला.

"घरी विचारलं तर?" मी म्हणाले.

"आईंच्या कपाटात ठेवायचं ठरलंय. किल्ली त्यांच्या कमरेला असते, तिथे कुणी हात लावत नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "धावायचं काय ते अजून ठरलं नाही. बघू."

चहा ठेवू म्हटलं तर नको म्हणाली. आई एकट्या बसल्यात, म्हणाली. साडीवरच तिने सॅक पाठीला लावली, आणि तिला रिक्षा मिळेपर्यंत मी खाली रस्त्यावर तिच्याजवळ उभी राहिले.