आत्याचा अळणी भात

आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. दुपारची वेळ, मीटिंग चालू, माझा माइक बंद. आई एरवी मेसेज करते, म्हणून बाहेर जाऊन फोन घेतला. "आत्या गेली गं," ती म्हणाली, आणि तिच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. कुकर आत्यानेच लावला होता. भात होईपर्यंत जरा टेकते म्हणून ती स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, आणि तशीच... मी बंगळूरच्या के. आर. पुरमला घरी पोचेपर्यंत शेजारच्या अक्कांनी रसम-भात आणून ठेवला होता. आत्याचा भात कुकरमध्येच राहिला. संध्याकाळी कुणीतरी बळेच दोन घास खायला लावले. पहिल्याच घासाला वाटलं, यात मीठ आहे. आता या घरात सगळ्यातच मीठ असणार.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा नोकरीसाठी बंगळूरला आले आणि इथलेच झाले. ती लग्न होऊन कोकणात समुद्राकाठी गेली आणि यजमान गेल्यावरही तिथून हलली नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो. घर, मग सुरूची झाडं, मग वाळू, मग समुद्र. मी फार बोलणारी मुलगी नव्हते, शाळेतल्या इंग्रजीमुळे मराठीत अडखळायचे, आणि आत्याला ते चालायचं. ती बोलायची, मी बघायचे. दर वर्षी सुरूची झाडं थोडी कमी झालेली असायची. एकदा विचारलं तर म्हणाली, "नेली त्याने." समुद्राबद्दल ती असंच बोलायची, न विचारता सामान उचलणाऱ्या शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं. "मागून नेण्याची रीतच नाही गो त्याला."

परसात विहीर होती. तिचं पाणी गोड, असं ती प्रत्येक पाहुण्याला सांगायची आणि तांब्या पुढे करायची. आम्ही मात्र बाटलीतलं पाणी प्यायचो. पोट बिघडेल म्हणून आईने आधीच बजावलेलं असायचं. आत्या जेवण करायची ते त्याच विहिरीच्या पाण्यात, आणि तिच्या हाताला चव होती, यावर आमच्या घरात कधी वाद झाला नाही.

मग एका पावसाळ्यात उधाणाचं पाणी थेट परसापर्यंत आलं. पोफळींचे शेंडे करपले. शेजारच्या सुमनवहिनींनी बाबांना फोन केला, "घेऊन जा हो तिला. पाणी तोंडात धरवत नाही, आणि ही म्हणते गोडच आहे." आत्या आली ती एकच पिशवी घेऊन. दारातच बाबांना म्हणाली, "चार चांगले पाऊस झाले की विहीर धुऊन निघते. मग मला सोडायचं."

"बघू, ताई," बाबा म्हणाले.

"बघू नाही. सोडायचं."

इथे ती हळूहळू रुळली. टँकर आला की गॅलरीतून वाकून बघायची, अक्कांकडून 'साकू', म्हणजे पुरे, म्हणायला शिकली आणि आम्ही जास्त वाढलं की तेच म्हणायची. आल्या आल्या डॉक्टरकडे नेलं तर रक्तदाब बराच वाढलेला. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. आत्या हसायलाच लागली. "कमी काय करू? मी घालतच नाही, नावाला चिमूटभर!" मी डॉक्टरांना ते इंग्रजीत सांगितलं. त्यांना खरं वाटलं नसावं.

पण ते खरं होतं. तिने आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि सगळं अळणी व्हायला लागलं. भात, आमटी, भाजी. आईने आधी डॉक्टरांचं पथ्य समजून सोडून दिलं. मग एके दिवशी आमटी तोंडात घालवेना, तेव्हा हळूच म्हणाली, "वन्सं, मीठ राहिलं वाटतं."

"राहील कसं? रोजच्या एवढंच घातलंय."

आई मला म्हणाली, विसरायला लागल्यात गं. मला तसं वाटेना, कारण बाकी काही ती विसरत नव्हती. मी ऑफिसला छत्री न घेता निघाले की लिफ्टपर्यंत हाक मारायची. एका रविवारी मी तिच्याजवळ ओट्यापाशी उभी होते. तिने डब्यातून मीठ घेतलं, तर बोटांच्या टोकावर जेमतेम काही कण. मी विचारलं, "आत्या, पहिल्यापासून एवढंच घालायचीस?"

"छे! सासूबाईंनी शिकवलं ते चांगलं मूठ अर्धी भरून..." ती म्हणाली आणि थांबली. हात तसाच हवेत. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "डाळ शिजेना, तेव्हा मी वाण्याला बोलले. चहा फाटायला लागला, तेव्हा दूधवाल्याला. आणि मीठ... ते हातानेच कमी केलं गो. वर्षावर्षाने. मला न विचारता."

कितीतरी वर्षं समुद्र विहिरीत येत होता आणि तिचा हात तेवढं मीठ काढून ठेवत होता. म्हणून कुणाला कळलं नाही. तिलाही नाही. आमटी मात्र कायम बरोबर लागली.

त्या दिवशी ती जेवली नाही. एका उधाणाने बिघडलेली विहीर चार पावसांत धुऊन निघेल, या भरवशावर ती इथे राहिली होती. रविवारी सुमनवहिनींना फोन करून ती "पाणी कसं आहे?" विचारायची, ते तिने बंद केलं. मग पावसाळा लागला आणि एका रविवारी तिने पुन्हा फोन मागितला. पलीकडून वहिनी म्हणाल्या, "पाऊस भरपूर आहे गो, पण पाणी तसंच." आत्या म्हणाली, "सरी." हा शब्दही इथलाच, 'बरं' अशा अर्थाचा. फोन माझ्या हातात देऊन तांदूळ धुवायला गेली. जायचं हे ती पुन्हा बोलली नाही, पण आणलेली पिशवी शेवटपर्यंत कपाटात भरलेलीच होती.

बाबा तिच्या अस्थी तिथल्या समुद्रात सोडून आले. येताना एक बाटली घेऊन आले, तिच्या विहिरीच्या पाण्याची. बाटली फ्रिजच्या दारात राहिली. गेल्या रविवारी मी ते पाणी उकळून त्यात मूठभर तांदूळ टाकले आणि पेज केली. मीठ घातलं नाही.

आईने सवयीने मिठाची वाटी जवळ ओढली, एक घोट घेतला, आणि वाटी परत सरकवली. बाबा मान खाली घालून पीत होते. "मीठ कुणी घातलं?" त्यांनी विचारलं. मग वाडगा पुढे केला, मी पुन्हा वाढलं.

बाटलीत अजून थोडं पाणी आहे. टँकरच्या पाण्यात भात मी आता रोज लावते, आणि मिठाच्या डब्यात बोटं गेली की ती जेमतेम काही कण घेऊनच वर येतात... आई ताटात वरून घेते.