अवतरणचिन्हांचा कंटाळा

माझा जावई हुशार आहे, हे मला त्याच्याच तोंडून कळलं. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तो संगणक सांभाळतो. कुणी शंका विचारली की आधी उसासा, मग उत्तर; तेही निम्मं. तिथले लोक त्याला 'सर्वज्ञ' म्हणतात, आणि ते कौतुक आहे अशी त्याची समजूत.

माझी धाकटी बहीण त्याच कार्यालयात नकाशे सांभाळते. जमिनीखालच्या नळांचे कागदी नकाशे स्कॅन करून तिने अकरा वर्षं संगणकात भरले. त्यांचा फोल्डर 'नकाशे'. रद्दी झालेल्यांचा वेगळा, 'नकाशे जुने'. काय पुसायचं त्याची यादी तिने द्यायची आणि जावयाने यंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञांनी, म्हणजे स्क्रिप्टने, दर शनिवारी ते पुसायचं, अशी पद्धत. तिने यादीत 'नकाशे जुने' लिहिलं. सोमवारी पाहते तर रद्दी जागच्या जागी आणि अकरा वर्षांचं काम गायब. बॅकअपची, म्हणजे जादा प्रतींची, डिस्क बिघडून वर्ष लोटलं होतं; तीही सर्वज्ञांच्याच ताब्यात.

जावयाने साहेबांना लेखी कळवलं, 'यादी चुकली.' निवृत्तीला आठ महिने उरलेल्या माझ्या बहिणीला नोटीस आली: बुधवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर निलंबन.

रविवारी तो लेकीबरोबर जेवायला आला. बहीण यादी आणि स्क्रिप्टचे छापील कागद घेऊन बसलेलीच होती. मी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. अशा कागदांना घाबरत नाही.

"यादीत नाव बरोबर आहे," मी म्हटलं. "मग जायचं ते राहिलं आणि राहायचं ते गेलं, हे कसं?"

"आई, तुम्हाला नाही कळणार."

"सांग तर खरं. नाही कळलं तर माझं मी बघेन."

उसासा आला. "मध्ये मोकळी जागा दिसली की यंत्राच्या लेखी नाव संपतं. 'नकाशे' एक, 'जुने' दुसरं. 'जुने' नावाचं काही नव्हतंच. 'नकाशे' होता, तो गेला. नावात जागा सोडू नका म्हणून मी कानीकपाळी ओरडतो ते उगाच?"

"आणि हे सगळं मिळून एकच नाव आहे, असं यंत्राला सांगायचं असेल तर?"

"स्क्रिप्टमध्ये दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घालायची. त्यात काय एवढं!"

"मग घातली का नाहीस?"

"लोकांना शिस्त नको लागायला? एकेकाचे लाड मी कुठवर पुरवू?"

लेकीने हातातला घास खाली ठेवला. बहिणीने कागद उलटा केला आणि त्याची वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेतली, अवतरणचिन्हांसकट.

"मावशी, हे घरातलं बोलणं आहे!"

"आणि नोटीस काय शेजाऱ्यांना आली होती?" बहिणीने विचारलं.

बुधवारी खुलासा वाचून साहेबांनी दोन खोटे फोल्डर करून स्क्रिप्ट चालवून पाहिली; एकदा होती तशी, एकदा चिन्हं घालून. बहिणीची नोटीस रद्द झाली. कागदी नकाशे शाबूत होते. ते सगळे पुन्हा स्कॅन करायचं काम सर्वज्ञांच्या गळ्यात पडलं. बहीण शेजारी खुर्ची टाकून बसते. नकाशा जरा तिरका लागला की म्हणते, "शिस्त, जावईबापू. परत."

परवा लेकीचा फोन. "आई, वाकून वाकून त्यांची पाठ धरलीय गं. मावशीला जरा सांग ना."

"मावशीची माफी मागितली का त्याने?"

"अजून नाही."

"मग पाठ शेक त्याची," म्हटलं आणि फोन ठेवला.