लोखंडी जिन्याची हजेरी

मेहकरात जर्मन शिकवतो म्हटलं, की लोक आधी हसतात आणि मग किस्से विचारतात. इतक्या वर्षांत ते एवढे साठलेत, की व्याकरणाची वही मागे पडली. बहुतेक हसण्यासारखे आहेत. काही मात्र एकटा असताना मी आठवायला जात नाही!

क्लास बियाण्यांच्या दुकानावर. वर यायला लोखंडी जिना. मुलं-मुली सगळी नर्सिंग झालेली, जर्मनीत नोकरीला जाणारी.

जर्मनमध्ये 'पाहणे', 'ऐकणे' अशा काही क्रियापदांबरोबर दुसरं क्रियापद वाक्याच्या शेवटी, मूळ रूपात जातं. त्याच्याआधी एरवी लागणारा 'त्सु' हा शब्द लावायचा नाही. पण पोरं लावायचीच. म्हणून मी हजेरीची नवी पद्धत काढली. सगळ्यांनी दाराकडे पाठ करून बसायचं. जिना वाजला, की ज्याची पाळी त्यानं जर्मनमध्ये म्हणायचं, "मला अमका येताना ऐकू येतो." नाव चुकलं किंवा घेतलंच नाही, तर फळा पुसायचा.

एकदा साखरखेर्ड्याच्या किशोरनं ऐटीत सांगितलं, "मला सर येताना ऐकू येतात!"

आली बकरी. मी तिच्या मागे होतो!

"सर, चाल सेम हाय न!" किशोर म्हणाला. फळा त्यानंच पुसला.

त्याच किशोरनं एकदा गृहपाठ शेतात बसून मोबाइलवर रेकॉर्ड केला. सवयीप्रमाणे 'त्सु' घुसवला. रेकॉर्डिंगमध्ये लगेच कोणीतरी म्हाताऱ्या आवाजात अख्खं वाक्य बरोबर करून म्हटलं.

"कोण होतं रे सोबत?" मी विचारलं.

"कोणीच नाही सर. अन् आमच्या गावात जर्मन कोणाले येते?"

मग आली वंदना. शांत, हुशार, आईची एकुलती एक. मी वर्गात म्हटलं, "डोळ्यांना दिसतं तेच सांगा." तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं. "मला बाबा दारात उभे दिसतात."

वाक्य अचूक! मी शाबासकी दिली. दारात कोणी नव्हतं.

"सर, तिचे बाबा जाऊन आठ वर्षं झाले," किशोर नंतर कुजबुजला.

मी तिला दुसरं वाक्य करायला सांगितलं.

"तुम्हीच म्हनलं न सर, दिसते तेच सांगा!"

पुण्याला तोंडी परीक्षेत तिच्यापुढे रिकाम्या खोलीचं चित्र ठेवलं. तिनं तेच वाक्य म्हटलं. परीक्षक बाईंनी चित्र पाहिलं, मागचं दार पाहिलं, उठून कडी लावली आणि तिला पास केलं.

नोकरी मिळाली, तिकीट आलं, तरी पोरीचा पाय निघेना.

"सर, बाबा आईपाशी राहतीन त मी जातो. आई एकटी पडली त वापस येतो."

"राहतील," मी म्हणालो. मला काय कळतं त्यातलं! पण एवढी मेहनत वाया जाताना बघवेना.

ती गेली. आठवड्यानं क्लासमधून व्हिडिओ कॉल लावला. तिची आई कठडा धरत वर आली होती. त्या दिवशी सगळे हजर होते, यायचं कोणीच उरलं नव्हतं. पडद्यावर वंदनाचे डोळे सुजलेले.

"आई, इथं दार रिकामंच हाय. तू एकटी हायेस का? सांग, मी वापस येतो."

आई हसली. "एकटी काऊन? मले इथपर्यंत त्यायनंच आणलं. गुडघे दुखतेत त्यायचे, मागून हळू चढून राह्यले."

खाली जिना वाजला.

दाराकडे तोंड करून बसलेला मी एकटाच होतो. मी मान खाली घातली. पाळी किशोरची होती.

तो नाव न घेता उठला आणि फळा पुसायला लागला.