सात वजनं आणि एक जावई

आता काय सांगू तुम्हाला, आयुष्यात मी शहाणपणा फारसा केला नाही. पण ज्या दिवशी केला, त्या दिवशी माझीच गाडी मला रस्त्यावर सोडून निघून गेली.

छावणीत राहायचो तेव्हाची गोष्ट. माझ्याकडं तीनचाकी फटफटी होती. पुढं एक चाक, मागं दोन, आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा रबरी पट्टा. पट्टा ढिला पडला की इंजिन नुसतं बोंबलायचं, चाकं ढिम्म. बायकोला माहेरी करमाडला सोडायला गेलो, तर शेवटचा कोसभर गाडी तीच ढकलत होती आणि मी हँडल धरून तिला धीर देत होतो.

सासऱ्यांनी ते बघितलं. मेंढरं राखण्यात हयात गेलेला माणूस, बोलायचा मोजकं.

"जावयबापू, गाडी आपल्या पायानं दारात आली तर लेक पाठवीन. रविवारी दुपारपर्यंत. न्हाय तर दिवाळीनंतर बघू."

रविवारी सकाळी गाड्या दुरुस्त करणाऱ्या उस्तादांच्या दुकानात पळालो. ते शेरवानी घालून एका निकाहला निघालेले. पाना हातात देत म्हणाले, "खाली गाडी पे मत नापना, मियाँ. वजन बिठाना. पट्टा बीच में अंगूठे से दबाना, एक उंगली दबे, बस. पाना खिडकी से अंदर डाल देना."

कुणाचं वजन, किती वजन? विचारायचं सुचलंच नाही. दारातल्या गाडीपाशी येऊन मी हिशेब केला, वजन जितकं जास्त तितकं माप पक्कं.

"सलीमभाई, जरा बसता का?"

सलीमभाई आमचे शेजारी, शिंपी. मशीन सोडून बसले. समोरच्या गोदाकाकूंनी बघितलं.

"कुठं रं? वेरूळला का?"

मी गाडीखाली, तोंडात बोल्ट. म्हणालो, "हं."

झालं. बाहेर आलो तर गाडीत सात माणसं, तीन डबे आणि लोणच्याची बरणी. म्हटलं बसू दे, वजनच आहे. पट्टा ताणून बसवला, मधोमध दाबला, बरोब्बर एक बोट. पाना उस्तादांच्या बंद दुकानात टाकून आलो आणि म्हणालो, "उतरा आता."

काकू उतरल्या, पण काय काय बोलत उतरल्या ते लिहिण्याजोगं नाही.

किक मारली. इंजिन बोंबललं, चाकं ढिम्म. बघतो तर माणसं उतरल्यावर मागचा भाग वर उचललेला आणि पट्टा लेंग्याच्या नाडीसारखा लोंबतोय. पाना कुलपाआड, उस्ताद लग्नात, सूर्य डोक्याकडं निघालेला.

"काकू, परत बसता का?"

"वेरूळ?"

"करमाड."

"जेवायला हाय का?"

सातही जण बसले आणि गाडी हरणासारखी निघाली. बाराच्या आत सासऱ्यांच्या दारात, आपल्या पायानं.

सासऱ्यांनी गाडी बघितली. मग माणसं मोजली.

"गाडी आली, मान्य. ही मंडळी कोण?"

"वजन," मी म्हणालो.

वजनांनी पोटभर जेवून घेतलं. मग खरी अडचण आली. बायको आठवी. ती बसली की पट्टा असा ताणला जायचा की सतारीसारखा वाजायचा. एकाला उतरणं भाग होतं. मी सलीमभाईंकडं बघितलं.

"मैं कैसे उतरूँ मियाँ? मैं तो वजन हूँ."

काकूंनी डोळे मिटून घेतले. बायकोनं एकवार सगळ्यांकडं बघितलं.

"सलीमभाई, तुम्हाला गाडी चालवता येते ना?"

येत होती.

गाडी माझी, बायको माझी, आणि मी करमाडहून एसटीत उभा, डोक्यावर तिची ट्रंक. घरी पोचलो तर उस्ताद ओट्यावर बसून उरलेलं लोणचं चाटत होते. सगळी हकिगत आधीच ऐकलेली.

"अरे मियाँ," ते म्हणाले, "एक ही आदमी बिठाना होता है. चलानेवाला."